कच्चा दोरा

"सही तेवढी करा. बाकीचं मी भरलंय," असं म्हणून बाईंनी उमेदवारी अर्ज कापडाच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर कात्रीही ठेवली.

मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. शिंप्याला म्हणतात तसं सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कॉलर झिजली तर उलटवून द्यावी, उद्या पोट सुटेल हे धरून शिवणीत दोन बोटं कापड सोडावं आणि दिलेली वेळ पाळावी, एकतीस वर्षं एवढंच त्यांचं राजकारण.

"बाई, मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. आता दारोदार जाऊन मला मत द्या म्हणू?"

"शाळेसाठी म्हणा की."

शाळा दुकानाच्या मागेच होती. बाई तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. "भिंती धडधाकट आहेत, नुसतं छप्पर गळतंय. पण आधी दुरुस्त करून बघू म्हणणारा एक माणूस नगरपालिकेत नाही. आपल्यासारखी जुन्या वळणाची माणसं घरात बसून कुरकुरणार, आणि पाडलं की हळहळणार. तुम्ही उभे राहिला नाहीत तर शाळा पाडायचीच म्हणणारा तो ठेकेदार आज बिनविरोध येतो. तीनपर्यंत मुदत आहे."

"लोक म्हणतील, गणवेशाच्या शिलाईसाठी उभा राहिला."

"म्हणू देत," कोपऱ्यात बटणं लावत बसलेली बायको म्हणाली. "लोकांची तोंडं शिवायला घेतलीत का तुम्ही?"

बाई हसल्या. "मी कचेरीच्या पायऱ्यांवर थांबते," म्हणून निघूनही गेल्या.

त्यानंतर मास्तरांचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही. दोरा तीनदा तुटला. ते पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत येऊन बसले. मागच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते. सतराच्या पाढ्यात पोरं नेहमीच्याच जागी अडखळली, तर मास्तरांनीच मनात आकडा पुरवला.

एक वाजता ठेकेदार शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आला. उमदा गडी. त्याची पहिली अर्धी चड्डी मास्तरांनीच शिवलेली. त्याने आरशासमोर हात वर केले आणि मास्तरांना दरदरून घाम फुटला. उजवी बाही डावीकडे लागली होती, डावी उजवीकडे. अशी चूक उभ्या जन्मात झाली नव्हती.

"काय हे मास्तर, तीनला घालायचाय. बिनविरोध जाहीर झालो की फोटो निघणार आहेत."

"अडीचला या. तयार असेल." मग त्यांच्याने राहवलं नाही. "शाळेचं नुसतं छप्पर बदलून नाही का भागणार?"

"दुरुस्त करत कोण बसतं हो आता? मी तिथंच शिकलोय, तेव्हाही गळायची. एकदाची पाडून मोकळं व्हायचं."

तो गेला आणि मास्तर बाह्या उसवायला बसले. हात चालत होते, डोळे घड्याळावर. पावणेदोन. दोन.

"ठेवा तो कोट बाजूला, आणि जा," बायको म्हणाली.

"त्याला वेळ दिलीय."

"शाळा पाडायला निघालेल्याला?"

"एक बाही वेळेत देता येत नसेल, तर मतं कुठल्या तोंडानं मागू?"

बायकोने सुई बटणात तशीच अडकवून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे मागणार आहात."

मास्तरांच्या हातातली बाही तशीच राहिली. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता कळलं होतं.

अडीचला ठेकेदार आला, तेव्हा शेवटची इस्त्री फिरत होती. कोट अंगात चढवून तो गाडीत बसला. मास्तरांनी कात्री उचलली, सही केली आणि गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता तरातरा निघाले.

पायऱ्यांवर बाई उभ्याच होत्या. त्या नुसत्या बाजूला झाल्या. आत तीनला सात मिनिटं कमी होती. खिडकीपाशी ठेकेदार चार माणसांत हसत उभा होता.

"काय मास्तर, काही राहिलं का?"

राहिलंच होतं. कॉलरखालून कच्च्या शिलाईचा पांढरा दोरा लोंबत होता. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी पुढे होऊन नखाने तो अलगद ओढून काढला, कॉलर हाताने नीट बसवली, आणि मग खिडकीतून अर्ज आत सरकवला.

ठेकेदाराचं हसू मावळलं. "हे काय, मास्तर?"

"आपण एकाच वॉर्डातले," मास्तर कसंबसं म्हणाले. "पटलं तर... मत मला द्या."

आत कारकुनाने शिक्का मारला. मास्तरांनी पोच घेतली, तेव्हा तो दोरा अजून त्यांच्या बोटाला गुंडाळलेला होता.