दाराबाहेरून

"संगमेश, माझं गेटपासचं फोल्डर कामून उघडंना?" रूपालीने विचारलं.

"सरनी बंद कराय लावलं, अक्का. प्रिंटर बी. आता ते दोन्ही सरच्या कम्प्युटरवरच उघडतंय. तुमी आत जाऊन काम करायचं."

"सगळ्यांचंच बंद केलास?"

ऑफिसातले कम्प्युटर सांभाळणारा संगमेश घुटमळला. "तुमचं अन् श्रीदेवी अक्काचं."

कोळारच्या त्या बियाण्यांच्या गोदामात गेटपासशिवाय ट्रक सुटत नसे, आणि गेटपास काढायचं काम या दोघींचंच. रूपाली मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. महेशकुमार खुर्चीवरून उठला नाही. त्याने दुसरी खुर्ची आपल्याला खेटून ओढली. तिने माउस धरला, तसा त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तिथेच राहिला. हात हिसकून, गेटपास न काढताच ती बाहेर आली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनच्या दारात उभी राहिली. उंबऱ्याच्या अलीकडे.

"सर, लातूरच्या गाडीचा गेटपास काढून द्या. मी हितंच थांबते."

"आत ये की."

"न्हाई येत," रूपालीचा आवाज गोदामापर्यंत गेला. "काल आत आले तर तुमी माझा हात धरलाव."

ऑफिसातले सगळे हात थांबले. पोती उचलणारे हमालही वळून बघू लागले.

"काय बोलायलीस? नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. गेटपास हितं द्या."

मागे खुर्ची सरकली. रूपाली शाळेत होती तेव्हापासून इथे काम करणाऱ्या श्रीदेवी अक्का येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"माझा बी द्या, सर," त्या म्हणाल्या. "हितूनच."

बाहेर ट्रकांची रांग वाढली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेनात. दुपारी मालकाचा फोन आला, तेव्हा महेशकुमार आतूनच ओरडला, "संगम्या, खोल दे सबका!"

थोड्या वेळाने संगमेश रूपालीच्या टेबलापाशी आला. "चालू केलो, अक्का. राग धरू नगा."

"बायांचंच कामून बंद करायचं, इचारलास का त्याला?"

तो वाकून प्रिंटरची वायर चाचपू लागला.

"मग राग ऱ्हाणारच," रूपाली म्हणाली.

पलीकडे श्रीदेवी अक्कांच्या स्क्रीनवर फोल्डर उघडलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. तोंडाला पदर लावून त्या बसून होत्या.

"मला कवाच असं म्हणता आलं न्हाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "कवाच."

 अक्कांचे राहिलेले गेटपास रूपालीने आपल्याकडे घेतले आणि एकेक काढू लागली.