अक्षरांवर अक्षरं

सून चौथ्यांदा आतल्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात आली. सासरे टेबलावरच्या स्क्रीनकडे बोट रोखून बसले होते.

"परत गिचमिड!" त्यांना अजिबात ऐकू येत नसे, त्यामुळे ते साधं बोलणंही ओरडून बोलत.

तिने माउस हलवून विंडो मोठी केली. अक्षरं लख्ख झाली: 'जेवलात का?'

"तू आलीस की बरं सुतासारखं सरळ होतं!"

'बाबा, तुम्ही काही दाबता का?' तिने कागदावर लिहिलं.

"मी? हाताची घडी घालून बसलोय. शाळेतसुद्धा असा बसलो नव्हतो."

सासूबाई गेल्यापासून ते दिवसभर घरात एकटे पडायचे. फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत. म्हणून तिने हा प्रोग्रॅम लिहिला होता. ऑफिसातून तिने फोनवर टाइप करायचं, इथे ते हाताएवढ्या अक्षरांत उमटायचं. तिची रजा आज संपत होती. हे चाललं नाही तर मोठे दीर उद्या सकाळीच गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होते, आणि सासऱ्यांना घर सोडायचं नव्हतं.

तीन दिवस तिने डोकं फोडून घेतलं होतं. फॉन्ट बदलला, मजकूर पाठवणारा भाग दोनदा नव्याने लिहिला. आतल्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरवर सगळं नीट चालायचं, इथे मात्र ये रे माझ्या मागल्या.

शेवटी ती चिडून त्यांच्या शेजारीच बसली. माउसला हात न लावता फोनवरून दोन वाक्यं पाठवली. 'पाणी प्या' यावर 'गोळी घेतली का' येऊन चढलं. खालचं तसंच.

तिने कपाळावर हात मारला. मागे सासूबाईंचा फोटो दिसावा म्हणून तिनेच मजकुराची चौकट पारदर्शक ठेवली होती. चौकट नवी अक्षरं उमटवायची, पण जुनी पुसायला चौकटीला कुणी सांगितलंच नव्हतं. विंडोला हात लागला की सगळंच नव्याने रंगायचं, म्हणून ती आली की गिचमिड गायब.

तिने दर वाक्याला अख्खी विंडो रंगवायला लावली. अक्षरं सुटी झाली, पण जुनाट कॉम्प्युटरवर फोटो दर वेळी क्षणभर नाहीसा व्हायचा.

सासऱ्यांनी दोनदा पाहिलं. "हे नको," ते म्हणाले, पहिल्यांदाच हळू. "सारखी जाते."

तिने फोटो काढून टाकला, चौकटीला काळा रंग दिला आणि आत जाऊन पाठवलं, 'मागचं दार लावलं का?'

मग खुर्ची सरकली, कडी वाजली.

"लावलं!" सासरे ओरडले. "मोठ्याला कळव, येऊ नको म्हणावं. आणि उद्या ऑफिसात बसून माझी सारखी उलटतपासणी घेऊ नकोस!"