दोन घागरी आणि अर्धी विहीर

उंबरखड्याला मुलगी द्यायला कुणी तयार नसायचं. अणदूरहून अर्ध्या दिवसाची चढण, वर उघडा माथा, आणि त्यावर दहा-अकरा चुली. ज्वारी बरी पिकायची. माणसं भांडखोर होती, पण तशी ती सगळीकडंच असतात. अडत होतं पाण्यावर. घरं वर आणि झरा खाली खोऱ्यात. मुलीचा बाप धापा टाकत वर यायचा, गूळपाणी प्यायचा, ते पाणी कुठनं आणलं एवढंच विचारायचा आणि "कळवतो" म्हणून उठायचा. उतरताना त्याचे पाय भलतेच हलके पडायचे.

इरम्माच्या कल्याणप्पाला असं दोनदा "कळवतो" मिळालं होतं. इरम्मा विधवा, तिचा गुडघा कामातून गेलेला. त्यामुळं पाणी कल्याणप्पाच भरायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर घेऊन हा तरणा गडी चढ चढू लागला की बायका पदरात हसायच्या. स्वतःची घागर मात्र त्यालाच उतरवायला लावायच्या.

जिल्हा परिषद नवी नवी झाली, त्या हिवाळ्यात तिसरं स्थळ आलं. कल्याणप्पानं आईला सांगून टाकलं, "आये, आता न्हाय जमलं तर आपण खाली नळदुर्गला जाऊ. सडकेवर काम मिळतंय, दारात नळ हाय."

हे वस्तीत पसरलं तशी सगळ्यांना काळजी लागली. ती कल्याणप्पाच्या लग्नाची होती असं म्हणवत नाही. आधीच दोन घरं उतरून गेली होती. तिसरं गेलं असतं तर दिवाळीला एकमेकांची तोंडंच बघत बसायची वेळ. शिवाय घागरी कोण उतरवणार? तेव्हा ठरलं असं की पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच सगळ्यांनी झऱ्यावर जायचं आणि आपापलं चांगलं भांडं भरून इरम्माच्या घरात नेऊन ठेवायचं. पाहुण्यांना वाटावं, इथं पाणी पायाशी लोळतंय.

एका बाबतीत अडलं. बसप्पाची घागर जिथं असेल तिथं गजराबाई आपली ठेवेना. ही दोघं शेजारी, पण सात-आठ वर्षं बोलत नव्हती. कारणही घागरच. दोघांनी एकाच बाजारात, एकाच कासाराकडनं, एकसारख्या तांब्याच्या घागरी घेतल्या होत्या, नावं घालून. पुढं एका पंगतीला दोन्ही पाणी वाढायला गेल्या. परत आल्यावर गजराबाई म्हणाली, ही माझी न्हाय, माझी जड होती. बसप्पा नावावर बोट ठेवून म्हणाला, हे बघा माझं नाव. सगळ्यांनी बघितलं. वाचता कुणालाच येत नव्हतं. तलाठी वर्षातनं एकदा यायचा. पण त्याच्यापुढं घागर ठेवायची म्हणजे आपल्यालाच शंका आहे असं झालं असतं. बसप्पानं ठेवली नाही, गजराबाईनंही नाही.

त्या भांडणात विहीरही गेली. दोघांच्या बांधावर सगळ्यांनी मिळून खणायला घेतलेली, पुरुषभर खोल झालेली. हिच्याबरोबर एका काठावर पाणी भरणार न्हाय, असं तो म्हणाला. त्याच्याबरोबर मी कशी भरीन, असं ती म्हणाली. खड्ड्यात बाभळी उगवल्या.

इरम्मानं एकीची घागर भांड्यांच्या रांगेच्या या टोकाला ठेवली, दुसऱ्याची त्या टोकाला.

अणदूरहून पाहुणे आले ते दोघं. मुलीचे वडील पंचाक्षरी, कमी बोलणारे. आणि मुलीची आत्या प्रेमाबाई, जी त्यांचंही बोलणं बोलायची. बाईंनी त्याच वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती, आणि नव्यानं वाचायला लागलेल्या माणसाची खोड त्यांना पुरेपूर लागली होती. एसटीवरची पाटी, चहाची पुडी, काहीही दिसलं की मोठ्यानं वाचायच्या.

घरात पाऊल टाकताच पंचाक्षरींचा चेहरा उजळला. "पाणी लई दिसतंय की!"

"व्हय, कमी न्हाय," इरम्मा म्हणाली आणि पदर नीट करत राहिली.

प्रेमाबाई रांगेपाशी वाकल्या. "शि-व-प्पा. शिवप्पा कोण?"

"चुलत सासरे माझे," इरम्मा म्हणाली.

"गि-रि-जा-बा-ई?"

"आमची... मावळण," कल्याणप्पा म्हणाला.

"बरीच नाती हायेत तुमची," प्रेमाबाई म्हणाल्या आणि पुढच्या घागरीवर बोट फिरवलं. "ग-ज-रा-बा-ई."

दारात अख्खी वस्ती उभी होती. तिच्यातून बसप्पा ओरडला, "कोण म्हणतंय? ती माझी घागर हाय! सकाळी म्या सोता आणून ठेवली!"

इरम्मानं डोळे मिटले.

"मग तुमची ही असंल," प्रेमाबाई दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणाल्या. "हितं लिवलंय बसप्पा."

"ती तर म्या आणली!" गजराबाई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. बसप्पाच्याही आलं. सात-आठ वर्षं ती त्याची घागर घासत होती आणि तो तिची.

पंचाक्षरी उठले, पागोटं नीट करू लागले. "कळव..."

"दादा, बसा," प्रेमाबाई म्हणाल्या. "इरम्माबाई, खरं सांगा."

इरम्मानं सांगितलं. झरा, गुडघा, पहाटेची खेप, सगळं. शेवटी म्हणाली, "खोटं केलं, बाई. पण पोरगं खोटं न्हाय माझं."

"पोराचं मला ठावं हाय. आमच्या शरणम्मानं त्याला खंडोबाच्या जत्रंत बघितलाय. तिनंच मला धाडलं. म्हणाली, आत्या, घर कसलंबी असू दे, माणसं बघून ये." मग त्या दाराकडं वळल्या. "वाटंत खड्डा दिसला, बाभळी उगवलेला. कुणाची विहीर?"

बसप्पानं गजराबाईकडं बघितलं, गजराबाईनं छपराकडं.

"एका पहाटेत एवढं पाणी वर चढवलंत, तेबी लबाडीसाठी," प्रेमाबाई म्हणाल्या. "खऱ्यासाठी हात चालत न्हाईत का? चैतापतोर थांबतो आमी. पाणी लागलं की निरोप धाडा."

त्या उतरल्या. पंचाक्षरी मागं वळून वळून बघत उतरले.

दुसऱ्या दिवशी घागरींची अदलाबदल झाली. गजराबाई म्हणाली, माझ्या घागरीला पोचा पाडलास. बसप्पा म्हणाला, तू माझी चिंचेनं घासून झिजवलीस. पण बोलले. संध्याकाळी बसप्पा बाभळी तोडायला खड्ड्यात उतरला. गजराबाई काठावरनं म्हणाली, "मुळासकट काढ, तुझ्यासारखं वरवर नको."

कल्याणप्पा तर पहारीला चिकटलाच. शेतीचं काम आटपलं की बाकीचे यायचे. मध्ये खडक लागला, पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. मग इरम्मा लंगडत येऊन काठावर बसू लागली. ती काही बोलायची नाही, नुसती बसायची, आणि घरी बसलेल्याला तेच सोसवायचं नाही. फाल्गुनात एका दुपारी पहारीला चिखल लागला. कल्याणप्पानं तो मुठीत घेऊन वर दाखवला. तोच निरोप घेऊन शिवप्पाचा जावई तसाच जेवण सोडून अणदूरला धावला.

लग्न वस्तीतच झालं. विहिरीतलं पाणी गढूळ होतं, फडक्यानं गाळून वाढलं. पंचाक्षरींनी पहिला तांब्या सगळा प्याला आणि कुठून आणलं हे काही विचारलं नाही.

प्रेमाबाईंनी आहेर म्हणून एक मोठा हंडा आणला. त्यावर नवरीचं नाव नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. शरणम्मालाही अक्षरओळख होती. तिनंच त्यावर कोरलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं: उंबरखडा. हंडा विहिरीच्या काठावर राहिला. तो माझा असं आजवर कुणी म्हणालं नाही. घासायचा कुणी, यावर मात्र रोज सकाळी बसप्पा आणि गजराबाईची जुंपते.