कासवाची आधीची गोष्ट

फेब्रुवारीत जहाजावर जाताना हर्षद लेकीला सांगून गेला होता, "नऊ महिने. दहावं बोट मोजायच्या आत मी दारात." सात वर्षांच्या सानिकाची आता नऊ बोटं मोजून झाली होती.

हर्षद मे महिन्यातच गेला होता. जहाजावर, छातीत कळ येऊन. सानिका तेव्हा सुट्टीला आजोळी, अलोऱ्याला होती. ती परतली तोवर मिरजोळ्याच्या घरातलं सगळं आवरून झालं होतं, रडणंसुद्धा. त्याच्या बायकोच्या, दीपालीच्या वाट्याचं तेवढं राहिलं होतं. ते काही आलंच नाही.

"बाप जहाजावर आहे, असंच म्हणू या," सासूबाई यमुनाबाई म्हणाल्या. "तिथे रेंज नाही म्हणायचं. आणि पोरीला सांगेपर्यंत मंगळसूत्र काढू नको गो. कुंकू राहू दे." लेक गमावलेली ती बाई रोज सकाळी सुनेच्या कपाळाकडे बघून घ्यायची, टिकली आहे ना.

आज रविवार. सिनेमा बघायचा, बाहेर पडायचं आणि सानिकाला सांगून टाकायचं, असं दीपालीने ठरवलं होतं. ठरवताना काही वाटलं नव्हतं. रिक्षात बसतानाही नाही.

हा कार्टूनचा सिनेमा म्हणजे पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट. पहिला भाग तिघांनी मिळून पाहिला होता. त्याच्या शेवटी म्हातारा कासव वाळूवर डोळे मिटतो, तेव्हा सानिकाच्या आधी हर्षद रडला होता. वर म्हणाला होता, "पॉपकॉर्नचं मीठ गेलं डोळ्यात!"

आता पडद्यावर तोच कासव कोवळा, हिरवागार होता. अंड्याचं कवच डोक्यावर घेऊन तो उलट्या दिशेने, रस्त्याकडे धावत सुटला. पोरं खिदळली. वाटेतला बुजुर्ग खेकडा म्हणाला, "आमच्या वेळी समुद्र इकडेच होता," तशी मोठी माणसं हसली. सगळे हसून झाल्यावर दीपालीही हसली, रांगेत उभं राहून नंबर आल्यासारखी.

मध्यंतरात दिवे लागले. सानिकाने विचारलं, "आई, हा तोच ना, मेलेला?"

"तोच."

"मग त्याला माहीत नाही, तो मरणार ते?"

"नाही. ही आधीची गोष्ट आहे."

"पण आपल्याला माहीत आहे." सानिका पॉपकॉर्नच्या पुड्यात बघत राहिली. "आई, यंदा आजीने बाबांचा नारळ नाही सोडला."

दर नारळी पौर्णिमेला यमुनाबाई सानिकाला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर जात. नारळ पाण्यात सोडत आणि हात जोडून म्हणत,

"सागरा रे भाऊराया, लेक माझा तुझा भाचा,
मामाघरी राहू दे रे, परतीची दे गा वाचा."

यंदा पौर्णिमा आली आणि गेली. मंगळसूत्र सांभाळलं, टिकली सांभाळली, पण नारळाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. समुद्राकडे मागायचंच काही उरलं नव्हतं.

"मी आजीला विचारलं, नारळ कधी? तर ती मोरीत जाऊन नळ सोडून बसली," सानिका म्हणाली. "मग मी नाही विचारलं. तुलापण नाही."

ऑगस्टपासून हिला ठाऊक होतं. म्हणजे मोजायची ती बोटं ही पोर आईसाठी मोजत होती. दीपालीला कळलं, पण कळलं ते लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरातलं कळावं तसं.

दिवे मालवले. कोवळ्या कासवाच्या पायाला पहिली लाट लागली.

"सानू," दीपाली म्हणाली, "बाबा गेले."

हे दोन शब्द तिने आजवर एकदाही तोंडाने उच्चारले नव्हते. तिला वाटलं, आता काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही.

"हं," सानिका म्हणाली. तिने आईचा हात ओढून मांडीवर घेतला आणि आपलं दहावं बोट तिच्या मुठीत सरकवलं. "आता बघ. तो पोहायला शिकेल."

दीपालीने ते बोट धरून ठेवलं. खरखरीत होतं ते, पॉपकॉर्नच्या मिठाने. ती पडद्याकडे बघत राहिली.