जवळचा निळा

तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिले. मग हात उजव्या डोळ्यावर नेला. पुन्हा डाव्यावर.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून थोडेच दिवस झाले होते; डाव्यातला अजून तसाच होता. डॉक्टरांनी काम करायला आज परवानगी दिली होती, आणि घाईचे होते तेच तिने आधी उघडले होते: बरे न होणाऱ्या रुग्णांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट. तिथल्या मेट्रनबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. "आमचं पान उघडणारा माणूस आधीच खचलेला असतो. त्याला हुडहुडी भरू नये, एवढं बघा." म्हणून तिने मवाळ, उबदार निळा निवडला होता. डाव्या डोळ्याला तो अजूनही तसाच दिसत होता. उजव्याला तो बर्फाच्या कारखान्यासारखा दिसत होता, आणि त्यावरची जांभळी अक्षरे अंगावर धावून येत होती.

तिने मागच्या फाइली उघडल्या. ग्रंथालय, दाताचा दवाखाना, शाळा. सगळीकडे तोच थंड भडकपणा. रंगांवर तिचे पोट होते, आणि पोटापेक्षा मोठा तोरा होता. साइट बांधायचे काम नवऱ्याचे. त्याच्याबद्दल ती चारचौघांत म्हणे, "बांधतो उत्तम, पण रंगातलं याला ओ की ठो कळत नाही." सगळे हसत, तोही हसे. हिरव्या पँटवर विटकरी शर्ट घालून बसलेला माणूस दुसरे काय करणार?

इतके दिवस आपण हे लोकांच्या माथी मारले आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही? काय तो सोक्षमोक्ष लावावा म्हणून तिने ग्रंथालयाची साइट उघडली, लोक पाहत होते ती.

साइट चांगली होती. निळा शांत होता, अक्षरे जागच्या जागी होती. दवाखान्याचीही चांगली होती. शाळेचीही.

नवरा पलीकडच्या टेबलावर काम करत होता.

"ग्रंथालयाचा निळा मी दिलेला नाही," ती म्हणाली.

त्याची बोटे थांबली. "प्रत्येक स्क्रीनवर वेगळं दिसतं गं."

हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी खरे मानले होते.

"रंगाचा कोडच वेगळा आहे. कोड काही स्क्रीनगणिक बदलत नाही."

त्याने कीबोर्ड बाजूला सारला. "ग्रंथालयाच्या कामाच्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीला तू पिवळट म्हणालीस."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. डोळे दाखवून ये म्हटलं, तर तू म्हणालीस, तुला रंगातलं काय कळतं."

म्हणाली होती. कशा आवाजात म्हणाली होती तेही तिला आठवले.

"म्हणून माझ्या मागे तू रंग निवडत बसलास? म्हणजे यातलं एकही काम माझं नाही?" तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती.

"मी कशाला निवडतोय? मला येतंय का ते?" त्याने आपली स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिची जुनी कामे तिथे ओळीने लावलेली होती, डोळे चांगले होते तेव्हाची. "तू निळा दिलास की यातला त्याच्या जवळचा निळा उचलायचा. करड्याला करडा. सगळे तुझेच आहेत."

ती उभ्या उभ्या आपलेच रंग पाहत राहिली. मग जाग्यावर जाऊन बसली आणि तो निळा काढून टाकला. सवयीप्रमाणे तिने आधी पान नुसत्या काळ्या-पांढऱ्यात बदलून अक्षरे वाचता येतात का ते पाहिले. मग डावा डोळा मिटून एकेक रंग भरत गेली. मागे दुधी, पण त्यात गुलाबीची पुसट झाक. अक्षरे गडद तपकिरी. ऊन उतरेपर्यंत ती उठली नाही.

"हे बघ. तुझ्या त्या जुन्यांत असा रंग आहे का?"

त्याने शोधले. "नाही. असा तू कधीच केला नव्हतास."

"मग कसा आहे?"

हा प्रश्न तिने त्याला आजवर कधी विचारला नव्हता. तो गडबडला. "मला काय कळतंय," असे म्हणाला खरा, पण नजर पानावरून काढेना.

"आईच्या खोलीला असा हवा होता," तो म्हणाला.

त्याची आई हॉस्पिटलच्या पांढऱ्याफटक खोलीत वारली, त्यानंतर तिचा विषय त्याने काढला नव्हता. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. दोघांनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिले. शेवटी मेट्रनबाईंना पाठवायला म्हणून तिने माउसकडे हात नेला.

"थांब," तो म्हणाला. "थोडा वेळ असू दे."