धक्क्यासमोर बुडवलेली झाडं

त्या कोल्बीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. का फिरायचं, ते ऐका आणि मग मला नावं ठेवा.

माझा धाकटा भाऊ डेलमर धान्याच्या कोठारावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तळ्याकाठच्या शुश्रूषागृहात असतो. तिथल्या दारातून चाकाची खुर्ची थेट लाकडी धक्क्यावर जाते. तिथं बसून क्रॅपी मासे धरणं, एवढंच सुख त्याला उरलंय. क्रॅपी उघड्या पाण्यात थांबत नाही, त्याला आडोसा लागतो. म्हणून मी, साठी उलटलेल्या बाईनं, सीडरची अकरा झाडं तोडली, एकेकाला काँक्रीटचे ठोकळे बांधले आणि बोटीतून नेऊन धक्क्यासमोर बुडवली. महिनाभर पाठ धरली होती. आमच्या केंटकीत ज्यानं झाडं बुडवली त्याची ती जागा. कागदावर नसलं तरी हे सगळ्यांना कळतं.

कळत नव्हतं ते फक्त या कोल्बीला. शहरातल्या हौशी लोकांना मासेमारीला फिरवणारा हा गडी. त्याच्या बोटीवर सोनार होतं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खालचं झाड न् झाड, मासा न् मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र. एका रविवारी नेहमीसारखी डेलमरकडे गेले, बघते तर काय, डेलमरच्या गळापासून वीस हातांवर हा तीन गिऱ्हाइकं घेऊन बादली भरत बसलेला.

"ही झाडं मी बुडवलीत," मी धक्क्यावरून सुनावलं.

"तळं सगळ्यांचं आहे, मॅडम," टोपी काढून तो म्हणाला. वर टोपी काढतो. निर्लज्ज मेला.

"आणि हा खुर्चीतला माणूस दुसरीकडे कुठं जाणार?"

"जाऊ दे ना गं, ताई," डेलमर पुटपुटला. मला त्याचाही राग आला. आपल्या तोंडचा घास पळवणाऱ्याला कोणी जाऊ दे म्हणतं?

भांडून हा हलायचा नाही, हे मी ओळखलं. मग याला याहून सरस जागा शोधून द्यायची आणि कटवायचा, असं ठरवलं. माझ्या जुन्या बोटीला मीही सोनार बसवून घेतलं. तीन आठवडे, रविवारसुद्धा न सोडता, तळं पिंजून काढलं. सुरुवातीला तळातल्या दगडांच्या ढिगावर दोन तास गळ टाकून बसले, मासे समजून. पडदा बघून बघून डोळे चुरचुरायचे. शेवटी धरण बांधून हे तळं झालं तेव्हा पाण्याखाली गेलेला जुना रस्ता सापडला आणि त्यावरचा पूल, अठरा फुटांखाली अख्खा उभा. कमानीखाली क्रॅपी इतके दाट, की पडदा पांढरा झाला.

बोटी उतरवायच्या उतारावर कोल्बीला गाठलं आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेला कागद त्याच्या हातात कोंबला.

"हे घे आणि माझ्या भावासमोरून तोंड काळं कर."

त्यानं कागद वाचला. "हा पूल मला चार वर्षांपासून ठाऊक आहे, मॅडम. धक्क्यापेक्षा तिप्पट मासे मिळतात तिथं."

"मग धक्क्यावर कशाला येतोस मरायला?"

तो चुळबुळला. "डेलमर फोन करतो. ती झाडं पण त्यानंच दाखवली, हात करून बोलावलं होतं मला. माणसं घेऊन ये म्हणतो, गप्पा होतात. तुम्हाला सांगू नको म्हणाला. तुम्ही त्या झाडांसाठी एवढं राबलात, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मी तशीच तणतणत धक्क्यावर गेले. डेलमर एकटाच होता. गळ पाण्यात नव्हताच, मांडीवर होता.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"कधी सांगणार? येतेस, आमिष लावून देतेस, किती मिळाले विचारतेस आणि निघतेस. गेले तीन रविवार तर तेवढंही नाही. कुठं होतीस?"

"तुझ्यासाठीच फिरत होते रे तळ्यावर."

"मी इथंच होतो, ताई."

रागानं म्हणाला असता, तर मी भांडले तरी असते.