आखणीची पट्टी

ग्रंथालयातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी पुराव्याशिवाय एक ओळ लिहायला महिपतीचा हात धजत नसे. सीताकाकीचं म्हणणं साधं होतं. तिच्या आईनं, रंभाबाईंनी, मूकपटांच्या काळात एक चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. जाहिरातीत नाव छापलं नवऱ्याचं. पडद्यावर मात्र आईचं होतं. घरी चादरीवर तो दाखवला तेव्हा सहा वर्षांच्या काकीनं ते अक्षर लावून वाचलं होतं. आता काकी त्र्याण्णवची. रोह्यात तिचं कुणी खरं मानत नव्हतं, आणि महिपतीचं मूकपटांवरचं पुस्तक त्या एका नावापाशी अकरा वर्षं अडलं होतं.

फिल्मचे डबे पेणला गेल्याचं कळलं, म्हणून दुखरे गुडघे घेऊन तो मोरू मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात आला. मोरूनं कुंचला खाली न ठेवताच सांगितलं, बोलपट आल्यावर तो चित्रपट कुणी लावेना, तेव्हा रंभाबाईंनी आपणच सातही डबे त्याच्या आज्याला आणून दिले. आज्यानं गरम सोड्यात चित्रं धुऊन काढली, फिल्म विरघळवून व्हार्निश केलं. सहा वर्षं ते मूर्तींना पुरलं. मूर्ती दरसाल पाण्यात गेल्या.

"एक तुकडा ऱ्हायलाय," मोरू म्हणाला. "डोळ्यांच्या आखणीला माप. भोकं सारख्या अंतरावर हायत ना."

महिपतीनं ती पट्टी उजेडात धरली. कडेला नक्षीची चौकट होती, म्हणजे नावांचीच पाटी. मधलं सगळं तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी पुसून टाकलं होतं.

न्या, मोरू म्हणाला. पण चारशे मूर्तींचे डोळे बाकी होते. महिपतीनं पट्टी जागेवर ठेवली.

संध्याकाळी रोह्याला येऊन त्यानं काकीला सगळं सांगितलं. मूर्तींना चमक तरी आली होती का, एवढंच तिनं विचारलं. आली होती, तो म्हणाला.

"म्हणजे परत माझ्याच शब्दावर आलं रे."

आवाजात राग नव्हता, नुसता शीण. महिपतीनं वही उघडली. कोऱ्या सोडलेल्या जागी लिहिलं: दिग्दर्शन, रंभाबाई. पुराव्याच्या रकान्यात थोडा थांबला, मग लिहिलं: सीताबाईंनी वाचले आहे.

काय लिहिलंस, तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

"परत वाच," काकी म्हणाली.